बाबांचा कूलर, दादाचा एसी

माझ्या भावाला मी माफ केलेलं नाही, आणि हे लिहून झाल्यावर करेन असंही नाही.

माझं माहेर अकोल्याचं. खालच्या दोन खोल्यांत बाबा राहतात, वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी. आई गेल्यापासून बाबा खाली एकटेच; जेवणाचं ताट वरून येतं. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. कुणाला काही मागायचं नाही, कुणाला जड व्हायचं नाही, हा त्यांचा जन्माचा बाणा. मी लग्न होऊन अमरावतीला आले. राजापेठेत घर, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी. सकाळची बस धरली तर जेवायच्या आत अकोल्याला पोचता येतं, पण नोकरी करणाऱ्या बाईला सकाळची बस रोज थोडीच धरता येते.

आई गेल्याला वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमले होते. बाबांची साखर तपासली का, एवढंच मी दादाला विचारलं. तो पंगतीत वाढत होता. हातातलं भांडं न ठेवताच म्हणाला, "फोनवरून माया करनं लय सोपं असते. इथं राहून करून दाखव." पंगतीतली दोनचार माणसं हसली. मामीने मान हलवली. मी खाली बघून जेवत राहिले, पण ते वाक्य पोटात कुठेतरी जाऊन बसलं ते बसलंच.

स्मार्ट प्लग आमच्या घरात आधी माझ्या नवऱ्याने आणले. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा पांढरा डबा. त्यात फ्रिज लावा, गिझर लावा, मग ती वस्तू कधी चालू झाली, कधी बंद, किती वीज ओढते, सगळं मोबाइलवर रेघ होऊन दिसतं. मोबाइलवरून ती बंदही करता येते. नवऱ्याचा उत्साह आठवडाभर टिकला. मला मात्र त्या रेघांचा नाद लागला. ऑफिसात बसून घरचा फ्रिज कधी थांबला, कधी सुरू झाला ते बघायची. घर आपल्याशी बोलतंय असं वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी बाबांना नवा कूलर घेऊन दिला, आणि त्याला एक प्लग लावला. दादाने तो पाहिला. म्हणाला, मलेही आण एक, एसीले, बिल लय येऊन राहिलं. पुढच्या खेपेला त्याच्यासाठी मोठा प्लग आणला. एसीचं सॉकेट छताजवळ, म्हणून त्याने स्टुलावर चढून तो स्वतःच्या हाताने लावला. मी दोन्ही प्लग त्याच्या वायफायला जोडले आणि अ‍ॅप त्याच्या मोबाइलवर टाकू लागले, तर त्याला कंटाळा आला. "ते अ‍ॅप-फॅप तूच पाह्य," म्हणाला. माझ्या हातात त्याने लगाम दिला, आणि तेव्हा ते ना त्याला कळलं, ना मला.

मग वऱ्हाडातला खरा उन्हाळा लागला. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही असा. मी डबा खाता खाता मोबाइल उघडायची, तर बाबांच्या कूलरची रेघ भुईला टेकलेली असायची आणि दादाच्या एसीची वर चढलेली. दादा दुकानातून जेवायला घरी यायचा आणि एसीत झोपायचा. तो उठून गेला की एसीची रेघ खाली यायची, आणि मग कुठे संध्याकाळी बाबांचा कूलर सुरू व्हायचा. एक दिवस नाही, रोज.

मी बाबांना फोन केला. कूलर चालू आहे का, विचारलं.

"चालू आहे नं, बाई."

त्या कूलरचा आवाज असा, की तो चालू असताना बाबा फोनवर ओरडून बोलायचे. त्या दिवशी ते हळू बोलत होते, आणि मागे फक्त पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, त्यांचा कूलर तर दिवसभर चालूच राहते. मी फोन कानाला लावूनच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅप उघडलं होतं. समोर शून्य दिसत होतं. दोघेही खोटं बोलत होते, एक स्वतःसाठी आणि दुसरा त्याच्यासाठी.

प्लग चालूच होता. बाबांनी कूलरचंच बटण बंद ठेवलेलं, त्यामुळे इथून मला तो सुरू करता येत नव्हता. काय करावं या विचारात मी असतानाच शेजारच्या चाचांचा फोन आला. चाचा टेलर आहेत, भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. बाबा भर दुपारी दारातच चक्कर येऊन पडले होते. चाचांनी आणि चाचींनी त्यांना उचलून आत घेतलं, ओल्या चादरीत गुंडाळलं आणि ऑटोत घालून डॉक्टरकडे नेलं. सलाइन लागली. दादाला वर किती हाका मारल्या, पण एसीसाठी दारं-खिडक्या बंद, त्याला ऐकूच गेलं नाही. चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शुद्धीवर आल्यावर बाबा त्यांना म्हणाले होते, दुपारी कूलर लावला की लोड येते म्हने, वरचा एसी ट्रिप होते, म्हणून मी बंद ठेवतो.

लोड! दोन्ही यंत्रं किती वीज ओढतात ते माझ्या हातात होतं. कूलर ओढत होता दोनतीन पंख्यांइतकी. त्याने एसी ट्रिप होणं शक्य नव्हतं. दोन्ही मजल्यांचं मीटर एकच; दादाला बिल वाचवायचं होतं, आणि ते वाचवायला त्याला घरात बाबांचा कूलर तेवढा सापडला होता.

मी रजा टाकून अकोल्याला गेले. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दादा म्हणाला, वयाची चक्कर आहे, या वयात होते. मी भांडले नाही. मी भांडून बसमध्ये बसले असते आणि मागे बाबांना ते भांडण ताटात वाढून मिळालं असतं. बाबांचे पाय चेपून दिले, वहिनीच्या हातचा चहा प्याले आणि परतीची बस धरली.

मूर्तिजापूर यायच्या आत मी सूड तयार केला होता. अ‍ॅपमध्ये नियम बनवता येतात: हे झालं तर ते कर. मी नियम बनवला, कूलरची रेघ शून्यावर असेल तर एसी बंद. त्यात थोडा उशीरही घालता येतो. मी एवढाच घातला, की माणसाचा जेमतेम डोळा लागावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा उघडलाच नाही. एसीची रेघ वर चढली, थोडा वेळ वर राहिली आणि धाडकन खाली आली. थोड्या वेळाने पुन्हा चढली. म्हणजे दादा घामाघूम होऊन स्टुलावर चढला असणार आणि प्लगचं बटण दाबून पुन्हा आडवा झाला असणार. पुन्हा खाली आली. बाहेर डांबर वितळत होतं आणि माझ्या काळजाला असा गारवा मिळत होता, की आईच्या पुण्यानुमोदनापासून मिळाला नव्हता.

असं रोज चाललं. मेकॅनिक येऊन गेला. त्याने एसी धुतला, गॅस तपासला, काही नाही म्हणाला. शेवटी वहिनीचा मला फोन आला. तो प्लगच तर खराब नाही, तिने विचारलं. मी शांतपणे सांगितलं, प्लग चांगला आहे, त्यात सेफ्टी असते. घरातला लोड बरोबर वाटला गेला नाही की तो एसी पाडतो. खालचा कूलर लावून बघा.

वहिनीने लावला. एसी दुपारभर चालला.

मग तर वहिनी स्वतः पाइप धरून कूलरच्या टाकीत पाणी भरू लागली. मोबाइलवर दोन्ही रेघा शेजारीशेजारी चालायच्या. बाबांना फोन केला की मला ओरडून बोलावं लागायचं. एकदा बाबा ओरडूनच म्हणाले, "तुया दादानंच सांगितलं, बाबा, कूलर बंदच करू नका. लय जीव लावते तो."

मी फोन ठेवला आणि डोकं धरून बसले. सूड माझा, आणि जीव लावल्याचं नाव त्याचं! गारवा बाबांना मिळत होता, एवढ्यावर मी समाधान मानायला हवं होतं. ते मला जमलं नाही.

पुढे एका इलेक्ट्रिशियनने प्लग काढून एसी सरळ भिंतीला लावला. एसी चालला, आणि हा प्लग मोबाइलवरून बंद करता येतो, हेही त्याने दादाला सांगितलं. त्या दुपारी कूलरची रेघ पुन्हा भुईला टेकली, आणि संध्याकाळी दादाचा फोन आला.

"तू माह्या घरातला एसी बंद करून राहिली होती?"

"हो."

"कावून?"

"तू बाबाचा बंद केला म्हणून."

 तो म्हणाला, घरच्या गोष्टी घरात राहू दे. मी म्हटलं, पंगतीत तू मले बोलला तेव्हा घर कुठं गेलं होतं? त्याने फोन कापला.

बुद्धपौर्णिमेला मी अकोल्याला गेले. आमच्या वस्तीतल्या विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले होते. दादा कमिटीवर होता. त्या वर्षी त्याने विहाराला मोठा कूलर दान दिला होता, आणि कूलरच्या पत्र्यावर लाल रंगात त्याचं नाव रंगवलं होतं. भंतेजींनी वंदना घेतली, पंचशील दिलं. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे चौथं शील बाबांनी डोळे मिटून, हात जोडून म्हटलं. मी त्यांच्या मागेच बसले होते. मग दादा बोलायला उभा राहिला. उन्हात लेकराबाळांना, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, ते पाहवत नाही, म्हणून हे छोटंसं दान, असं काहीतरी तो बोलला. टाळ्या झाल्या. कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का, असं विचारलं गेलं, तेव्हा मी उठले.

मी भाषण केलं नाही. सगळ्यांसमोर बाबांना एवढंच विचारलं, "बाबा, दुपारी तुमचा कूलर चालू असते का?"

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तसे ते कधी पाहत नाहीत. मग समोर मूर्तीकडे पाहिलं. फोनवर जे इतके दिवस सहज सांगत होते, ते त्यांना तिथे सांगता आलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "बंद ठेवाले सांगितलं आहे."

कुणी सांगितलं, हे कुणाला विचारावं लागलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मान वळवून दादाकडे पाहिलं आणि पाहतच राहिली.  त्याच्या मागे त्याच्याच नावाचा कूलर जोरात वारा टाकत होता. भंतेजी खाली बघत राहिले. मग कुणीतरी खीर वाटायला सुरुवात केली. दादा खीर न घेता निघून गेला.

मी खीर घेतली. दोनदा घेतली.

घरी आल्यावर वहिनी जिन्यात भेटली. ताई, मी यांना सांगितलं होतं, बाबांना कूलर बंद करायला लावू नका, म्हणाली, माझ्यावर राग काढू नका. मी तिच्यावर काढणारही नव्हते. बाबा मात्र आत खाटेवर ताठ बसले होते.

"लोकाईपुढं उभं केलं तू मले," ते म्हणाले. "मले विचारलं असतं एकदा."

"विचारत होती, बाबा. रोज विचारत होती."

 ते उठले, कूलरचा प्लग स्वतः उपटला, पिशवीत घातला आणि ती पिशवी माझ्या हातात दिली. मले कोनी पाळतीवर नको, म्हणाले, ना तो, ना तू. पुढे कित्येक महिने ते फोनवर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला हवं होतं ते मी मिळवलं, पण त्याचा चटका हा असा लागला.

त्याच पावसाळ्यात बाबांनी वीज कंपनीकडे अर्ज करून खालच्या मजल्याला स्वतःच्या नावाचं वेगळं मीटर घेतलं. अर्ज लिहायलाही कुणाला हात लावू दिला नाही. आता कूलर त्यांचा, मीटर त्यांचं, बटणही त्यांचं. दादा विहाराच्या कमिटीतून बाहेर पडला. प्रकृतीचं कारण दिलं म्हणे. बाबा हळूहळू माझ्याशी पूर्वीसारखे बोलू लागले, पण त्या पौर्णिमेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

यंदा भातकुलीला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात दादा दिसला. केस बरेच पांढरे झालेत. लोकांच्या गर्दीतून वाट काढत तो माझ्यापर्यंत आला. हातात पन्ह्याचा ग्लास होता. "घे," म्हणाला. आवाज मऊ होता, हे मला कळलं. मी शेजारच्या बाईकडे वळले आणि तिच्या मुलाच्या नोकरीबद्दल विचारू लागले. ती सांगत राहिली, मी ऐकत राहिले. दादा थोडा वेळ ग्लास पुढे धरून तसाच उभा होता. मग बाजूला जाऊन त्याने ते पन्हं स्वतःच पिऊन टाकलं.