रविवारी मत बदलणारे मिस्टर टायनन

"ही दोन माणसं आहेत," ऑर्ला म्हणाली. "अपील नाकार आणि पुढची केस घे."

ऑर्ला माझी टीम लीड. आयर्लंडमधल्या किलकेनीची, बोलायला गोड आणि कामाला कडक. २०२० सालचा ऑक्टोबर चालू होता. डब्लिनमधलं, ग्रँड कॅनाल डॉकचं आमचं ऑफिस मार्चपासून बंद होतं आणि चेरीवूडच्या फ्लॅटमधलं माझं जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस झालं होतं. लोक जिथे स्वतःचं पान उघडून लेख लिहितात, अशा एका वेबसाइटच्या कंपनीत मी काम करते. मी कोडिंगवाली नव्हे. पान बंद झालेल्यांची तक्रार वाचून ते उघडायचं की कायमचं पुसायचं, हे ठरवणारी. त्या तक्रारीला आम्ही अपील म्हणतो. अपील फेटाळलं की पानावरचं सगळं लिखाण जातं. ते परत आणायची सोय कोणाकडेच नाही.

हे पान नासच्या एका मिस्टर टायनन यांचं होतं. नास म्हणजे डब्लिनला नोकरीला जाणाऱ्यांचं, किल्डेअरमधलं गाव. वय सत्तरच्या पुढे, निवृत्त शिक्षक. पानाचं नाव 'संडे ओपिनियन'. दर रविवारी एक लेख, कित्येक वर्षं, न चुकता. अपिलात त्यांनी एवढंच लिहिलं होतं: "पान मी एकटाच चालवतो. या घरातही मी एकटाच आहे. विश्वास नसेल तर कुणालाही बेल वाजवायला पाठवा. मला आवडेल."

सत्तरीच्या पुढच्या माणसांना त्या वर्षी सरकारने घरात बसवून ठेवलं होतं. ते वाक्य वाचून मला गलबलून आलं. पण गलबलून येणं हा आमच्याकडे निकष नाही.

पान बंद का झालं, ते सांगते. अमेरिकेची निवडणूक तोंडावर आली होती. अशा वेळी काही टोळ्या पैसे घेऊन खोटी खाती चालवतात. आज एका बाजूच्या लोकांना चिथवायचं, उद्या दुसऱ्या. एकाच खात्यावरून उलटसुलट मतं येऊ लागली की आमचं मशीन लाल झेंडा दाखवतं, म्हणजे ते पान माणसाने तपासावं असं सुचवतं. मिस्टर टायनन यांच्या पानावर तर असे झेंडेच झेंडे होते.

मी वाचायला बसले. पहिला लेख अमेरिकेच्या मतदान पद्धतीवर. तिथे सगळ्या देशाची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही, राज्याराज्यांच्या हिशेबाने ठरतो. ही पद्धत किती शहाणपणाची आहे, हे त्यांनी इतकं सुरेख समजावलं होतं की मी मान डोलावली. पुढच्या रविवारचा लेख उघडला. तीच पद्धत कशी अन्यायाची आहे, हे दाखवत त्यात तिची सालटी काढली होती. मी पुन्हा मान डोलावली. मग मात्र मी मान डोलावणं बंद केलं.

शिक्षणाचंही तसंच. कोरोनामुळे आयर्लंडमधली बारावीसारखी मोठी परीक्षा रद्द झाली आणि शिक्षकांनी दिलेल्या अंदाजावरून मुलांना गुण मिळाले. एका रविवारी ते म्हणतात, शिक्षकाइतकं मुलाला ओळखतं कोण? पुढच्या रविवारी म्हणतात, शिक्षकाच्या मर्जीवर मुलाचं भवितव्य सोडणं हा गुन्हा आहे. टेक्नॉलॉजी म्हणाल, तर रुग्णाच्या संपर्कात आल्याचं कळवणारं फोनमधलं अॅप एकदा वरदान, एकदा पाळत. सायन्स म्हणाल, तर मंगळावर यान पाठवणं एकदा माणसाचं कर्तव्य, एकदा समुद्र तपासायचा सोडून केलेली चैन.

माझं डोकं गरगरायला लागलं. नवरा, निखिल, फार्मा प्लांटमधली शिफ्ट करून घरी आला तेव्हा मी त्याला केसचं नावगाव न सांगता नुसतं कोडं घातलं.

"एका पानावर दोन मतं. एक माणूस की दोन?"

"नवरा-बायको असतील," बूट काढत तो म्हणाला. "एका घरात एक मत कुठे सापडलंय तुला?"

"माणूस एकटाच आहे रे."

"मग बिचाऱ्याला स्वतःशीच भांडावं लागत असेल."

मी हसले आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी भानगड समोर आली. मशीन एकसारखी चित्रं शोधून एका गठ्ठ्यात घालतं. एक रविवार सोडून एक, सकाळी लेख यायच्याही आधी, वेगवेगळ्या देशांतली माणसं त्या पानावर एकच चित्र टाकत होती. एक हार्प. आपल्या वीणेसारखं उभं तंतुवाद्य, जवळून काढलेला धूसर फोटो, कडेला अर्धवट तारे, बाकी काही नाही. एक शब्दही नाही. काही रविवारी पुष्कळ हार्प, काही रविवारी थोडे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दुबई, सगळीकडून.

हार्प हे आयर्लंडचं राजचिन्ह. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला ते कुठे भेटतं, तर इमिग्रेशनच्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर. ते पाकीट दारात पडलं की आपण आधी व्हिसाची तारीख तपासतो, मग ते फोडतो. माझ्या आधी ही केस पाहणारा रिव्ह्यूअर ब्राझीलचा होता. त्यानेही आपल्या व्हिसाची फाइल आठवूनच शेरा मारला असणार: सरकारी चिन्हाचा वापर, बहुधा सरकारी पान असल्याची बतावणी.

आयरिश पान आयरिश रिव्ह्यूअरला द्यायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. ओळखीपाळखीचा वास नको म्हणून. लीडसुद्धा फक्त सारांश ऐकते, मूळ पान उघडत नाही. नियम चांगला आहे. फक्त त्यामुळे नासच्या म्हाताऱ्याचं प्रकरण एका ब्राझीलवाल्याने नागपूरवालीला समजावून सांगितलं होतं.

मी ऑर्लाला कॉल लावला. "दोन माणसं, वर सरकारची बतावणी, वर परदेशातून खुणेची चित्रं. काहीतरी मोठं आहे."

"कसली चित्रं?"

"हार्पची. एक रविवार सोडून एक. कडेला अर्धे-मुर्धे तारे दिसतात."

ऑर्ला पर्स उचकायला लागली. मग तिने कॅमेऱ्यासमोर काहीतरी धरलं. "असं?"

"हो, हेच. तुझ्याकडे कुठून आलं?"

"मधुरा, हे एक युरोचं नाणं आहे."

त्या वर्षी नाण्याला कोणी हात लावत नव्हतं, दुकानदार कार्डच मागायचे, हे सगळं खरं. पण मी या देशात चार वर्षं राहत होते आणि नाण्याची मागची बाजू कधी बघितली नव्हती. मला भयंकर लाज वाटली. ऑर्लाही गोंधळली होती. सरकारची बतावणी गेली, पण माणसं नाण्याचे फोटो का टाकतात, हे तिलाही सांगता येईना.

ओळख पटवायची म्हणून आम्हाला व्हिडिओ कॉल करता येतो. मी मिस्टर टायनन यांना वेळ दिली. पडद्यावर आधी बराच वेळ नुसतं कपाळ दिसलं. मग चष्मा, मग राखाडी स्वेटर. ड्रायव्हिंग लायसन्स बघून झाल्यावर मी विचारलं, "पानावर आणखी कोण लिहितं?"

"कोणी नाही."

"मग दोन मतं कशी?"

"मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि डिबेटिंगची टीम सांभाळायचो," ते म्हणाले. "विषय शुक्रवारी सांगायचा. कोण बाजूने बोलणार, कोण विरोधात, ते नाणं उडवून. हार्प पडला तर बाजूने. आवडलेली बाजू निवडायची मुभा कुणालाच नाही. निवृत्त झालो, टीम राहिली नाही. मग दोन्ही बाजू मीच घ्यायला लागलो. नव्या विषयाला नाणं उडवतो, आणि पुढच्या रविवारी उरलेली बाजू लिहितो."

"आणि ते फोटो?"

"माझी मुलं ती." विद्यार्थ्यांबद्दल बोलत होते ते. "आज काय पडलं असेल, त्याचा अंदाज लावतात. हार्प वाटला तर हार्प टाकायचा, नाही तर काहीच नाही. काहींना नातवंडं झाली, तरी लावतात." त्यांनी चष्मा वर सरकवला. "तीन रविवार झाले, कोणी काही टाकलेलं नाही. टाकणार कुठे?"

नागपूरला शाळेत आमच्याही वादविवाद स्पर्धा व्हायच्या. बाजू चिठ्ठी काढून मिळायची. मी सहशिक्षणाच्या विरोधात बक्षीस मिळवलं होतं, मुलामुलींच्या एकाच वर्गात बसून.

कॉल संपवण्याआधी मला राहवलं नाही. "पण तुमचं खरं मत कुठलं? निदान अमेरिकेच्या मतदानाबद्दल?"

"दोन्ही लेख वाचलेत ना? कुठला पटला?"

"जो वाचत होते, तो."

"मग माझीही तीच अडचण आहे, असं समजा."

मी खुशीत ऑर्लाला कॉल केला. एक माणूस, खरा माणूस, पान उघडू या. ऑर्लाने नकारार्थी मान हलवली. "तू मला ग्रँड, भला माणूस दाखवतेयस, पण नवीन वाचकाला हे सगळं कसं कळणार? निवडणूक आहे. जो लेख त्याच्या मताचा नाही, त्यावर 'हे माझं मत नाही' असं लिहायला सांग. नाहीतर अपील नामंजूर. शुक्रवारपर्यंत."

मी पुन्हा कॉल लावला. मिस्टर टायनन यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नकार दिला.

"माझं मत कुठलं ते सांगितलं की दुसरा लेख कोणी वाचत नाही. वर्गात हे रोज बघितलंय मी."

"सर, पान कायमचं जाईल," मी म्हणाले. मला त्यांचा राग आला होता. सर हा शब्दही तोंडातून आपोआप निघाला. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. "सगळे लेख जातील. मुलांचं सगळं जाईल."

"जाऊ दे."

मग ते खुर्चीत मागे टेकले. स्वेटरची बाही ओढत राहिले. "जाऊ नये, असं वाटतं," ते हळूच म्हणाले.

तो दिवस मी नुसतं घरात फिरून काढला. ऑर्लाचं बरोबर वाटायचं, मग त्यांचं बरोबर वाटायचं, मग चहा टाकायचे. वाचकाला फसवू नये हे खरं. पण ते फसवत कुठे होते? लेखातला एकही मुद्दा खोटा नव्हता. लपवलेलं होतं ते फक्त नाणं.

तिथेच मला वाट दिसली. मत सांगू नका, नाणं सांगा. प्रत्येक लेखाच्या वर एक ओळ: या लेखाची बाजू नाणं उडवून ठरली आहे, उलट बाजू दुसऱ्या रविवारी. ऑर्लाला ते पटलं. मिस्टर टायनन कुरकुरले. जादू सांगून टाकल्यासारखं होईल म्हणाले. पण ती ओळ खरी होती आणि खऱ्या ओळीला नाही म्हणणं त्यांना जमेना. गुरुवारी पान उघडलं.

रविवारी मी सकाळपासून लॅपटॉपसमोर होते. आधी एक हार्प आला, ऑस्ट्रेलियातून. मग दुसरा, मग धडाधड. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. निखिलने काय झालं विचारलं तर मी म्हटलं, "हार्प येतायत."

मग लेख आला. विषय होता, कंपनीने माझं पान बंद केलं ते योग्य होतं का? वर नाण्याची ओळ, आणि नाणं पडलं होतं कंपनीच्या बाजूने. असा लेख मी त्या विषयावर आजवर वाचलेला नाही. आम्ही का बरोबर होतो, हे आमच्या चाळीस पानी धोरणात नाही इतकं स्वच्छ त्यांनी लिहिलं होतं. केस बंद झाल्यामुळे ऑर्लालाही तो वाचता आला. तिने वर पाठवला, वरच्यांनी मिस्टर टायनन यांची परवानगी काढून तो ट्रेनिंगमध्ये घेतला.

पुढच्या रविवारी दुसरा लेख आला. त्यात आमची एकही गोष्ट धड उरली नाही. पण तोवर स्लाइड तयार झाल्या होत्या.

नवीन रिव्ह्यूअरना आजही तो पहिला लेख वाचायला देतात. वरची नाण्याची ओळ जागेअभावी काढली आहे. दुसराही द्या, म्हणून मी ट्रेनिंग टीमला पुन्हा पुन्हा लिहिलं. शेवटी त्यांचं उत्तर आलं, की एकाच विषयावर दोन मतं वाचायला दिली तर नवीन माणसं गोंधळतात.