पोटातल्याचा वाटा

जयवंतीमामीच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला टेकवलेला एक फोन असे आणि त्या फोनात तिची लेक नीला असे. मामी मालवणच्या बाजारात मासे विकून अकराच्या सुमाराला घरी आली, की पाय धुवायच्या आधी बडोद्याला फोन लावी. तो संध्याकाळपर्यंत चालूच. इकडे मामी विळीवर बांगडे साफ करतेय, तिकडे नीला पोळ्या लाटतेय. आणि बोलणं? छे! मध्येच मामी मान वर करून मीठ घातलंस का विचारी, नीला घातलं म्हणे, की पुन्हा तासभर दोघी गप्प.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई फोन बंद करायला विसरली. मी हात पुढे केला, तर मनगटावर माशाच्या पाण्याची ओली चापट बसली.

“हात लाव नको. आमी जेवाण करतव.”

मग बोलत का नाही, असं मी विचारलं.

“बोलाक कित्याक व्हया? मी हय आसंय, ता थंय आसा. बास झाला.”

नीलाला तेव्हा चौथा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी इतक्या लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. नवरा कारखान्यात गेला की पोरगी तिसऱ्या मजल्यावर एकटी. भाषा येईना, शेजार ओळखीचा नाही. नववा लागला की मामी जाणार होती, पण तोवर धंदा सोडून जाणं परवडणारं नव्हतं. तोवर माहेर म्हणजे तो फोन.

आता माझ्याबद्दल थोडं. कसालवरून वायर ओढत आणून आमच्या किनाऱ्यावरच्या वाडीत इंटरनेट आणणारा शहाणा दुकानदार तो मीच. सगळ्या घरांना एकच दर, वापरा किती वापरायचं ते. पहिले सहा महिने माझी आरती ओवाळायचीच काय ती बाकी होती. मग नंदूच्या होमस्टेवर पर्यटकांची गर्दी सुरू झाली. ही मंडळी दिवसभर पाण्यात डुंबत आणि सात वाजले की अख्ख्या समुद्राचे व्हिडिओ एकदम गावाला पाठवायला बसत. सातला वाडीतलं सगळं ठप्प! मामीचा फोन त्या वेळी चालू असला तर नीला तोंड अर्धवट उघडलेल्या अवस्थेत थिजून राही आणि मामी माझ्या सात पिढ्यांची आठवण काढत दुकानात येई.

शेवटी वापराप्रमाणे पैसे घ्यावेत का, हे ठरवायला आम्ही मांगरात, म्हणजे रापणीची जाळी ठेवायच्या झोपडीत, बैठक घेतली. मामी सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसली होती.

“जो जास्ती खाता, तेना जास्ती देवचा,” तिने सुरुवातच तिथून केली. सुरमई नेणाऱ्याने सुरमईचे द्यायचे, स्वस्तातली तारली नेणाऱ्याने तारलीचे. मी गरीब बाई, माझं चेडू नीला आणि मी बोलतसुद्धा नाही. नंदूच्या पाव्हण्यांचा भार मी का उचलू?

नंदूही काही कमी नव्हता. तो म्हणाला, मामी, तुझा बांगडा विकला की संपतो. हे संपतं का? वायर घातली ती घातली, कोणी वापरली काय, न वापरली काय.

“संपना नाय, तर सात वाजता माझा चेडू थिजता कित्याक?”

सगळी वाडी हसली.  आणि मला, गाढवाला, चेव आला. मी मोठ्या ऐटीत लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, थांबा, कोण किती वापरतं याची महिन्याची यादीच वाचतो. नंदूची फजिती बघायला मामी पदर सावरून बसली.

यादीत पहिलं नाव जयवंतीमामी. दुसरं नंदू, आणि तोही बराच मागे.

तिला वाटायचं, बोललं तरच इंटरनेट खर्च होतं! मी समजावायचा प्रयत्न केला, की मामी, चित्र जातं ना, तोंड बंद असलं तरी चेहरा जातोच की. मामीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे, आणि उठली. आपण शब्द दिला, तो दिला, असं म्हणाली आणि चालू लागली. मापाने पैसे घ्यायचं ठरलं. मी बैठक जिंकलो आणि घरी येऊन धड जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन दहा मिनिटांवर आला. चौथ्या दिवशी मामी दुकानात आली, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, माणूस हललं नाही तर कमी जातं का रे? मी खरं ते सांगितलं, थोडं कमी जातं. झालं! मामीने नीलाला फर्मान सोडलं, हलायचं नाही. ती बिचारी पोटावर हात ठेवून फोटो काढायला बसावं तशी बसून राहिली. दहाव्या मिनिटाला तिला हसू फुटलं, मग रडू फुटलं. मामीने फोन ठेवला आणि परसात जाऊन कितीतरी वेळ एकच टोप घासत बसली.

त्याच आठवड्यात रापण लागली, म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं भरून आलं. आमच्याकडे दोरीला हात लावील त्याला वाटा, मग तो वाडीतला असो की नंदूचा पुण्याहून आलेला, टोपी उडालेला पाव्हणा. वाटे घालायची मामी. आणि आमच्या रापणीची एक रीत होती: वाडीत कोणी गरोदर असली तर तिच्या घराला एक वाटा जास्त. तो पोटातल्याचा. ही रीत सगळे विसरले तरी मामी विसरत नसे. त्यासाठी ती कोणाशीही भांडे.

त्या दिवशी मामीने वाटे घातले आणि हात झटकले. नंदू वाळूत उकिडवा बसून मोजत होता.

“मामी, पोटातल्याचो खंय?”

“ता बडोद्याक आसा रे.”

“रोज तुझ्या चुलीकडे आसता ना? मगे ता हयलाच.”

मामीने वाकून आणखी एक वाटा घातला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जी रीत तिने राखली, ती आता तिलाच मोडता येईना. नंदू माझ्याकडे वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, माप सगळ्यांना असू दे, मलाही असू दे, पण नीला बाळंत होईपर्यंत तिचा फोन मापाबाहेर. इंटरनेटातही पोटातल्याचा वाटा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोटा फक्त माझा होता आणि मला कोणी विचारलंही नाही! पण खरं सांगतो, इतका आनंद मला धंद्यात पुन्हा कधी झाला नाही.

मामीने खारट हातानेच डोळे पुसले, त्यामुळे ते आणखी झोंबले. सगळ्यात मोठी सुरमई उचलून तिने नंदूच्या वाट्यावर टाकली.

“मेल्या, तुझ्या पाव्हण्यांका सांग, सात वाजता जरा गप बसा.”

नववा लागला तशी मामी कुडाळहून गाडीत बसली. नीलाला मुलगी झाली. नीला नोकरीला लागली, नात मामीच्या मांडीवरून उतरेना आणि मामी तिकडेच राहिली. या गोष्टीला दोन वर्षं होत आली.

पण ती खरी गेलीच नाही. रोज अकराला माझ्या दुकानात फोन वाजतो. मी तो गोळ्यांच्या बरणीला टेकवतो, तोंड समुद्राकडे. बडोद्यात मामी वाटाणे सोलते, नात मध्येच येऊन काचेला जीभ लावते. परवा एक कोळीण दुकानासमोर बांगड्याचा भलताच भाव सांगत होती, तर बरणीमागून असा आवाज आला की तिने निमूट दोन बांगडे जास्त घातले.

गेल्या आठवड्यात माझं मन कशातच लागत नव्हतं. आई आजारी, डोक्याला नुसता ताप. मी फोन माझ्याकडे वळवला आणि म्हटलं, मामी, काहीतरी बोला ना. तिने वाटाणे बाजूला ठेवले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“बोलाक कित्याक व्हया? मी आसंय ना.”

काल महिन्याची यादी काढली. पहिलं नाव माझं होतं. मी मापाप्रमाणे माझेच पैसे माझ्या गल्ल्यात टाकले आणि अकरा वाजायच्या आत बरणी पुसून ठेवली.