नऊ हात आणि वर वीतभर

फोन सुमनवहिनींचा होता. "भावजी, हे उठंनात," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, माझ्या दोस्ताचं, दिनकरचं, नेहमीचं नाटक. मी फिरायला न्यायला गेलो की हा मेल्यासारखा पडून राही आणि तळपायाला गुदगुल्या केल्यावर खो खो हसत उठे. राजारामपुरीत त्याच्या घरी पोचेपर्यंत मी त्याला घालायच्या शिव्यासुद्धा तयार ठेवल्या होत्या... त्या तशाच राहिल्या.

त्याच्या गच्चीवर आम्ही दोघं लाकडी खोली बांधत होतो. म्हातारपणी निवांत भांडायला जागा हवी म्हणून. खांब उभे झाले होते, छपराचे वासे आणायचे होते. लाकूड किती लागेल याचा हिशेब सगळा दिनकरकडे, आणि त्याचं माप एकच : कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, स्वतःचा हात. वखारवाला टेप नाचवत म्हणे, "पावणं, फुटात सांगा की."

"फूट कुणाचा हाय ते मला म्हाईत न्हाय. हात माझा हाय."

मग भर वखारीत हा लाकडावर कोपर टेकत टेकत पुढं सरके आणि मी मागून मोठ्यानं आकडे पुकारे. गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत राहत. प्रत्येक लाकूड तो वीतभर जादाच घेई. "कापून बारकं करता येतंय. वढून लांब हुतंय व्हय?"

आमच्या कोल्हापुरात माणूस शेणींवर, गोवऱ्यांच्या चितेवर जातो. एवढी लाकडं मोजणाऱ्याला स्वतःसाठी लाकूड जवळजवळ लागलंच नाही. हे त्याला फार आवडलं असतं. स्मशानात हे सांगायला म्हणून मी शेजारी वळलो... तिथं दुसरंच कुणीतरी उभं होतं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी सुताराला बोलावलं. "भावजी, खोली पुरी करा. यांचा जीव तिथंच हाय." सुतारानं वाशांची लांबी विचारली. मला पाठच होती. "नऊ हात, वर वीतभर."

"कुणाचा हात?"

मी वहिनींकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या, काढतो की," म्हणत त्यानं टेप लावला आणि चहा निवायच्या आत माप काढलंही. इतकं सोपं होतं. वासे कधी आणू, असं तो रोज विचारतो. बघू, म्हणतो मी. त्या छपराखाली एकट्यानं कुणाशी भांडायचं?

एका खांबावर दिनकरनं आपल्या हाताची खूण कोळशानं करून ठेवली आहे. खाली कोपर, वर बोट. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी तिथं माझा हात लावून बघतो. बोटं वरच्या रेघेपर्यंत पोचत नाहीत.