पोस्टकार्डावरचा काठ

बाबामियाँला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि पन्नाशीपर्यंत त्याला त्याचं काही वाटलंही नव्हतं. अणदूरच्या अलीकडं दोन कोसांवर त्याचं गाव. घरात एक माग, आणि लुगड्याचा काठ काढावा तर त्यानंच, असं सगळा शिवार म्हणायचा. अक्षरं गिरवायला वेळ होता कुणाला? पण निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी जावयानं बिऱ्हाड उचललं नि कराची गाठली. एकुलती एक फरिदा त्याच्यामागं गेली. तेव्हापासून मात्र अक्षरं बाबामियाँच्या डोळ्यांत खुपायला लागली.

पत्रं यायची की! दर ईदेला एक. शेजारचे खाजामियाँ वाचून दाखवायचे, "इथं सगळी खैरियत आहे, तिकडची कळवावी. फरिदाबीचा सलाम." दरसाल तेच, आणि तेही तिच्या दिराच्या हातचं, कारण फरिदालाही लिहिता येत नव्हतं. अहो, दिराचं अक्षर काय चाटायचंय?

"पोरगी बोलतच न्हाय," बाबामियाँ बायकोला, लालबीला म्हणायचा. "तिच्या नावावर दुसराच कुणीतरी बोलतुया. ती हाय का न्हाय, कसं समजावं?"

"तोंडाला येईल ते बोलू नका," लालबी कडाडायची, आणि चुलीकडं तोंड करून डोळे पुसायची.

फरिदा मागाखाली रांगली, मागावर वाढली. काठात वेल उठवायची तर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या दर फेकीला ठरावीक धागे वर उचलायचे, बाकीचे खाली ठेवायचे. ते ध्यानात राहावं म्हणून बाबामियाँ भिंतीवर कोळशानं खुणा मांडायचा. वरच्या धाग्याला रेघ, खालच्याला टिंब. एका ओळीत सोळा खुणा. एक ओळ म्हणजे एक फेक. सात वर्षांची फरिदा ती भिंत घडाघडा म्हणायची, "वर, वर, खाली, वर..."

सत्तावन्न साली ईद आली नि गेली, पत्र आलं नाही. दोन महिने बाबामियाँनं कळ काढली. मग कोरं पोस्टकार्ड पुढ्यात घेतलं आणि घरच्या वेलीच्या वीस ओळी रेघा-टिंबांत उतरवल्या. ना सलाम, ना खैरियत. पत्ता तेवढा खाजामियाँकडून लिहून घेतला.

पोस्टातले शांतलिंग मास्तर कार्ड बघून चरकले.

"बाबामियाँ, हे काय वो? आन कराचीला? गुपित काय लिवलंय म्हणून तुमालाबी धरतील, मलाबी."

"काठ हाय, मास्तर."

"काठ? मला तर मुंग्या दिसत्यात."

"मग चला घरी. तुमी वाचा, म्या विणतो."

मास्तर खरंच आले. खाटेवर बसून जांभया देत एकेक ओळ वाचू लागले, रेघ, टिंब, टिंब, रेघ. बाबामियाँ धागे उचलायचा, धोटा फेकायचा, फणी ठोकायचा. बाराव्या ओळीला कापडावर पान दिसलं तशी मास्तरांची जांभई अर्ध्यावरच थांबली. वीस ओळी झाल्यावर ते उठले आणि वेल बोटांनी चाचपून बघितली.

"आयला! वाचलं म्या, पण मलाच काय कळंना, आन वेल तर निघाली!"

"फरिदाला कळंल," बाबामियाँ म्हणाला. "ती जितीजागती असंल तर कळंल."

दुसऱ्या दिवशी टपालाच्या थैलीत मास्तरांनी ते कार्ड स्वतःच्या हातानं टाकलं.

पुढं ज्वारी पेरली, काढली, कडब्याच्या गंजी लागल्या. बाबामियाँ रोज टपालाच्या वेळेला पोस्टाच्या पायरीवर. लोक हसायचे, हसू देत. आठ महिन्यांनी शांतलिंग मास्तर स्वतःच धावत घरी आले. हातात कराचीहून आलेलं कार्ड, त्यावर पत्त्याखेरीज एक अक्षर नव्हतं. नुसत्या रेघा, नुसती टिंबं.

"खुणा काय, कुणीबी काढील," बाबामियाँ म्हणाला. तो मागावर बसला आणि लालबीनं जन्मात पहिल्यांदा पत्र वाचलं, "वर, खाली, खाली, वर..."

दहा ओळी झाल्या. लालबीचा आवाज पडला. "ही आपली वेल न्हाय वो. चुकलीय पोरगी."

"चुकली न्हाय!" बाबामियाँ ओरडलाच. "चुकली असती तर धागं लोंबलं असतं. एकबी लोंबंना, बघ. हे फूल म्या कधी काढलं न्हाय. हे तिकडचं हाय, तिचं सवताचं. लालबी, आपली फरिदा मागावर बसती! तिला माग हाय तिथं!" आणि गडी फणीवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला.

विसाव्या ओळीला कार्ड संपलं. फूल अर्धंच राहिलं. लालबीनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं.

"जागा सरली असंल," ती म्हणाली. "उरलेलं तुमी करा की पुरं. ह्या अंगाला जशी पाकळी, तशीच त्या अंगाला."

"न्हाय. ती बोलतीया. मधीच म्या कशाला तोंड घालू?"

मागावरचं लुगडं पुरं व्हायला वीतभरच उरलं होतं, तरी माग तसाच अडवून ठेवला. बाबामियाँ दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं बसायला लागला. उरलेल्या ओळी लिहायला फरिदाला कोरं कार्ड धाडलं, त्यालाही चार महिने झाले. एकदा गावची रुद्रम्मा लेकीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला आली आणि नेमकं तेच कापड मागू लागली. "अर्धं फूल कोण बघतंय? उतरवून द्या की."

बाबामियाँ घरी नव्हता. लालबी उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"त्याला हात लावू नका, बाई," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं बोलून व्हायचंय अजून."