दुसऱ्यांच्या बापांवरचा राग

आमच्या साडूभाऊंइतका दुसऱ्यांच्या बापांवर रागावणारा माणूस उभ्या चंद्रपूर जिल्ह्यात सापडायचा नाही. मूल गावच्या कॉलेजात ते मराठी शिकवायचे, पण जीव गुंतलेला महायुद्धानंतरच्या जर्मन कादंबऱ्यांत. भाषांतरं वाचायचे आणि समासात लाल पेन्सिलीनं पात्रांना शिव्या घालायचे. शेजाऱ्याला पोलिसांच्या हवाली करून जन्मभर सुखानं जेवणारे बाप, आणि त्यांना एक शब्द न विचारणारी पोरं! "बापापेक्षा पोरगा नालायक!" असं ओरडून त्यांनी एकदा पुस्तक तळ्यात भिरकावलं; लायब्ररीचं निघालं, म्हणून स्वतःच पँट वर करून काढायला उतरले. एका लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या आजोबांना विचारलं, "आणीबाणीत धरपकड झाली तेव्हा तुम्ही काय करत होता?" आजोबा म्हणाले, "जेवून राह्यलो होतो, भाऊ. आताही तेच करून राह्यलो." त्या घरातून पुढं आम्हां दोघांनाही आमंत्रण आलं नाही.

त्यांचे स्वतःचे वडील गोंडपिपरीकडच्या एका गावचे पोलीस पाटील. नव्वदच्या सुमारास, जंगलातल्या बंदूकवाल्यांना तांदूळ कुणी दिला हे विचारत पोलीस आले, तेव्हा वडिलांनी तळ्यावर मासे धरणाऱ्या मारोतीचं नाव सांगितलं. मारोती परत आला तो एक पाय ओढत. आणि म्हातारा त्याच मारोतीकडून मासे घ्यायचा, वर घासाघीसही करायचा! माझं डोकं फिरायचं. जर्मनीतल्या बापांना धारेवर धरणारे साडूभाऊ इथं मात्र मान खाली घालून कालवण ओरपायचे.

एकदा त्यांच्या गावी जेवताना मी भडकलोच. "आता विचारा की!"

त्यांनी विचारलं. "बाबा, मारोतीचं नाव काऊन सांगतलं?"

म्हाताऱ्यानं काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मंग कोनाचं सांगू? तांदूळ तं तू देल्ला होता." आणि सुनेला म्हणाला, "बाई, रस्सा वाढ जरा."

बंदुकीच्या धाकानं दिलेला तो तांदूळ कुणी पाहिला नाही, असं साडूभाऊ इतकी वर्षं समजत होते, हे त्यांच्याच तोंडून तिथं बाहेर पडलं. म्हणजे मारोतीनं कुणाच्या वाट्याचा मार खाल्ला, हे साडूभाऊंना पहिल्यापासून ठाऊक होतं! मी भरल्या ताटावरून उठलो.

संध्याकाळी ते मारोतीकडं निघाले. मी तोंड फुगवून मागोमाग. मारोती अंगणात जाळं विणत होता. "या मास्तर. हे टोक धरा जरा, एकट्यानं तानत नाई."

साडूभाऊंनी टोक धरलं. माझा राग अजून गेलेला नाही. पण साऱ्या जगाला जाब विचारणारा तो माणूस अंधार पडेपर्यंत जाळं धरून बसला होता, आणि मारोती सांगेल तसं टोक ताणत होता, सैल सोडत होता.