कळ दाबण्याआधीचे दोन आठवडे

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ‘संगणक प्रणालीची ओळख’ असा एक विषय असतो. आमच्या विभागात तो कुणालाच नको असायचा. वरच्या वर्गांचे विषय मानाचे, आणि हा म्हणजे संगणकाच्या पिढ्या सांगा, प्रकार लिहा, आकृती काढून नावे द्या. नवा अभ्यासक्रम आला तेव्हा प्रात्यक्षिकं कोणती घ्यायची हे ठरवण्याची मोकळीक कॉलेजला मिळाली. विभागाच्या बैठकीत मी सांगितलं, “हा विषय मला द्या. पण पूर्ण द्या. तास, प्रात्यक्षिकं, वेळापत्रक, सगळं मी बांधणार.”

विभागप्रमुख सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “मॅडम, हा विषय मागून घेणारं कुणी आजवर पाहिलं नाही.”

“मग आता पाहा,” मी म्हणाले. सगळे हसले आणि विषय माझा झाला.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आराखडा केला. आधी आकडे यंत्रात कसे ठेवतात ते, मग मेमरी, मग प्रोसेसर सूचना कशा पाळतो, आणि शेवटी हे सगळं सांभाळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. पहिल्याच प्रात्यक्षिकाला मुलांनी स्वतः छोटा प्रोग्राम टाइप करून चालवायचा होता. आराखडा भिंतीवर चिकटवून मी तो दोनतीनदा लांबून पाहिला. खोटं कशाला सांगू, मला तो फार आवडला होता.

पहिल्या तासाला मी सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. प्रश्न एकच होता: कीबोर्डची कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत काय काय होतं? माहीत असेल तेवढं लिहा, नावं घालू नका. स्टाफरूममध्ये बसून मी त्या वाचल्या. कुणी ‘करंट जातो’ लिहिलं होतं, कुणी नुसतं ‘गूगल’. एका चिठ्ठीवर वळणदार अक्षरात एकच ओळ होती: ‘मी अजून कळ दाबलेली नाही.’

आधी मला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, “ही चिठ्ठी कुणाची?” कुणी उठलं नाही. तास संपल्यावर मात्र एक मुलगी दाराशी थांबून राहिली. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहणारी.

“मॅडम, ती चिठ्ठी माझी. वर्गात बोलले असते तर सगळे हसले असते.”

“शाळेत कॉम्प्युटर नव्हता?”

“होता. पण त्या खोलीचं कुलूप कधी निघालंच नाय.”

“मोबाइल तर आहे ना तुझ्याकडे?”

“हाय ना. पण मोबाइलला कळा कुठं असतात?”

दोन दिवस मी एकेकाला बाजूला घेऊन विचारत राहिले, तर तिच्यासारखी आणखी अकरा जणं निघाली. काही पेठकडची, काही अगदी शहरालगतच्या भाजीच्या मळ्यांतली. माझ्या सुंदर आराखड्यातलं पहिलंच पाऊल त्यांच्या डोक्यावरून जाणार होतं. शिकवण्याची इतकी वर्षं झाली होती आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. वाईट वाटलं, पण घाबरले नाही. विषय सोपा करायचा नाही, फक्त त्याचं दार दुसरीकडून उघडायचं, एवढं मी त्याच संध्याकाळी ठरवलं.

सकाळी लॅबमधल्या काकांना गाठलं. ते आमचे प्रयोगशाळा सहायक, निवृत्तीला तीन वर्षं उरलेले. कॉलेजातलं कुठलंही यंत्र बंद पडलं की हाक त्यांनाच जायची.

“काका, स्टोअरमध्ये बाद झालेली यंत्रं किती असतील?”

“एकोणीस. त्यातली सातआठ मेलेली नाहीत मॅडम, नुसती रुसलीत.”

“पहिले दोन आठवडे मुलांनी ती उघडायची. आणि तुम्ही दाखवायचं.”

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “मी? वर्गाला?”

सरांनाही तेच खटकलं. “सहायक शिकवणार? कुणी तक्रार केली तर?”

“शिकवणार मी, सर. काका दाखवणार. त्यांना येतं ते मला येत नाही, आणि हे मी मुलांनाही सांगणार आहे.”

सरांनी वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले, “दोन आठवडे. त्यापुढे नाही.”

त्या दोन आठवड्यांत कुणीही टायपिंग केलं नाही. ज्यांना टायपिंग येत होतं ती पोरंसुद्धा स्क्रू काढताना नवखीच होती, त्यामुळे सगळे एका ओळीत आले. काका आधी दबकत बोलायचे. तिसऱ्या दिवसापासून त्यांचा आवाज व्हरांड्यात ऐकू यायला लागला. हरसूलच्या मुलीच्या गटाकडे आलेलं यंत्र चालूच होत नव्हतं. काकांनी तिला मेमरीची पट्टी काढायला लावली आणि हातात साधं खोडरबर दिलं. “ही सोनेरी टोकं घास. हळू. वर्षानुवर्षांची घाण आहे.” तिने घासली, पट्टी कट्‌कन जागेवर बसवली आणि बटण दाबलं. यंत्राने एक बीप दिला, पडद्यावर उजेड आला आणि एक वाक्य उमटलं: पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

“दाब की,” काका म्हणाले.

तिने एका बोटाने ती कळ दाबली. मग एवढ्या मोठ्याने हसली, की शेजारच्या गटांनी कामं थांबवली. पुढे ती रोज सकाळी आठला लॅबमध्ये टायपिंगला येऊ लागली. बाकीची अकराही येऊ लागली.

दोन आठवड्यांनंतर मी मूळ आराखड्यावर आले आणि आश्चर्य म्हणजे गाडी माझ्या अंदाजापेक्षा जोरात पळाली. एकदा मी कॅश मेमरी शिकवत होते. प्रोसेसरच्या अगदी जवळची, छोटी पण चपळ मेमरी. ती वेगळी कशाला हवी, असं विचारल्यावर चांदवडचा एक मुलगा उठला. “मॅडम, आमचा सगळा कांदा शेतातल्या चाळीत, म्हणजे मोठ्या जाळीच्या छपरात साठवलेला असतो. पण आई भाजीला रोज चाळीत जात नाही. चारसहा कांदे ओट्याखालच्या टोपलीत असतात. टोपलीत संपले, की मगच चाळ.” मी खडू खाली ठेवला. सर तेव्हा दारातून चालले होते. ते थांबले आणि त्यांनी त्यालाच विचारलं, “आणि टोपली भरलेली असताना लसूण ठेवायचा असेल तर?” पुढची वीस मिनिटं वर्ग टोपलीतून काय बाहेर काढायचं यावर भांडत होता. सरही भांडत होते. दोन आठवड्यांच्या अटीचा विषय नंतर कुणी काढला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. हरसूलच्या मुलीला त्यांनी विचारलं, “मेमरीत काय असतं?”

“सर, यंत्र चालू असताना की बंद केल्यावर?”

परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं. “दोन्ही सांग.” आणि ती सांगत गेली. भाषा तिची होती, मधेच अडखळत होती, पण एकही गोष्ट चुकीची नव्हती.

सगळंच असं झालं नाही. लेखी परीक्षेत नऊ जण नापास झाले. मी त्यांच्या उत्तरपत्रिका मागवून शेजारी शेजारी ठेवल्या. जवळपास सगळे एकाच जागी अडकले होते: उणे संख्या यंत्रात कशा ठेवतात ते. त्या भागाला मी दोनच तास दिले होते, आणि तेही आधी मागे ठेवून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घेतले, निम्मा वर्ग गावी गेलेला असताना. त्या नऊ जणांना बोलावून मी सरळ सांगितलं, की यातली निम्मी चूक माझी आहे, उरलेली तुम्ही भरून काढा. फेरपरीक्षेत आठ जण सुटले. नव्या वर्षाच्या आराखड्यात उणे संख्यांना सहा तास दिले आहेत, आणि ते सगळे दिवाळीच्या बरेच आधी संपतात.