पेटीतली उशी

रंधा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण बाप्तिस्म्याचं नाव आता त्याच्या आईखेरीज कोणाला आठवत असेल? माणूस शवपेट्या बनवायचा आणि बोलताना समोरच्याची सालं काढायचा, म्हणून रंधा. पेटी मात्र अशी करायचा की बघत राहावं. सांध्यात नख शिरणार नाही, आणि डोक्याशी लाकडाच्या भुशाने भरलेली उशी. मेलेल्याला उशी कशाला, असं कोणी विचारलं की याचं डोकं फिरलंच.

"झोपणाऱ्याला उशी नको? न्यायाच्या दिवशी शेवटचा कर्णा वाजेपर्यंत मेलेला गाढ झोपतो. त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, काही कळत नाही. समजलं?"

आईला हे मुळीच पटत नसे. "डोळा मिटला की आत्मा प्रभूपाशी जागा होतो," ती ठणकावून सांगे. "उशा कसल्या भरतोस, मेल्या." यावरून मायलेकांची रोज जुंपायची.

चर्चच्या नव्या पाळकांना यातलं काय ठाऊक. ते बिचारे पहिल्यांदाच घरी आले, भिंतीवरचा वारलेल्या धाकट्या भावाचा फोटो पाहिला आणि मायेने म्हणाले, "तुमचा भाऊ वरून तुम्हाला बघतोय बरं." दुसऱ्या कोणाला गहिवरून आलं असतं. रंध्याने पाळकांच्या तोंडावर ठोसा हाणला. दोन दात पडले, सदरा रक्ताने भिजला, तरी हा हाणतच होता. शेजारच्या लोहाराने मागून घट्ट कव घातली तेव्हा कुठे थांबला. चर्चच्या मंडळीने त्याला उपासनेला यायची बंदी केली. त्याने फिकीर केली नाही.

त्याला पाळकांचा राग नव्हताच, त्याला भीती वाटली होती. वीस वर्षांपूर्वी, भर दुपारी, तिघांनी लोखंडी गज घेऊन धाकट्याला गल्लीतून पिटाळत आणलं होतं. धाकटा कसाबसा दारापर्यंत पोचला. "दादा, दार उघड," म्हणाला. आणि दादाने आतून कडी घातली. दाराला पाठ लावून त्याने सगळं ऐकलं. आधी किंकाळ्या आणि गज, मग नुसते गज. नंतर उंबऱ्यावर पाहिलं तर चेहरा उरलाच नव्हता. दारावर नखांचे ओरखडे होते, ते याने त्याच दिवशी रंधा मारून काढले. पहिली उशी त्या भुशाची. धाकटा जागा असेल तर कडी कोणी घातली हे त्याला माहीत आहे. म्हणून तो झोपलेलाच हवा होता.

आता आईला घरघर लागली होती. "आज मी त्याला भेटेन," ती म्हणाली. "काही निरोप?"

रंध्याने खाटेची कड दोन्ही हातांनी आवळली. "सांग, कडी मी घातली होती."

आईने होता नव्हता तेवढा जोर काढून त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला.

"हे बोलायला वीस वर्षं लावलीस? मी आतल्या दाराआडून सगळं पाहत होते. मी तरी कुठे काढली?" तिने फोटोकडे पाहिलं. "त्याची माफी मागायची, म्हणून तो मला जागा हवा होता. आता वेळ आली तर भीती वाटते रे."

रंधा ओठातलं रक्त गिळत बसून राहिला.

मग तिने त्याची बाही ओढली.

"माझी उशी जरा जाड भर," ती म्हणाली.